खोलीत बोललेलं सगळं

धाकटीचं काम असं होतं, की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येऊ नये. दोन माणसं एकमेकांशी बोलतायत, वाद घालतायत, आणि मधे तिसरं कुणी बसलंय हे दोघंही विसरलेत, असं झालं की तिच्या लेखी दिवस सत्कारणी लागला. ती दुभाषी होती. लोक एका कानानं ऐकतात आणि दुसऱ्या कानानं सोडून देतात. हिनं ऐकलेलं तोंडानं सोडायचं, एवढाच फरक. डोंगराच्या भाषेतलं कचेरीच्या भाषेत आणि कचेरीच्या भाषेतलं डोंगराच्या भाषेत. कचेरीत तिला सगळे दुभाषीबाई म्हणत. धाकटी हे डोंगरातलं नाव. दोघी बहिणींत लहान म्हणून पडलेलं, ते चाळिशी उलटली तरी चिकटून राहिलं.

या कामाचा एक नियम नवख्या माणसाला विचित्र वाटतो. समोरचा 'मला भूक लागलीय' म्हणाला, तर 'यांना भूक लागलीय' असं सांगायचं नाही. 'मला भूक लागलीय' असंच सांगायचं, मग आपलं स्वतःचं पोट तुडुंब का भरलेलं असेना. बोलणाऱ्याचं 'मी' आपल्या तोंडी घ्यायचं. तिच्या नवऱ्याला याची फार गंमत वाटे. तो धरण बांधणाऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये पंप दुरुस्त करायचा. संध्याकाळी ती चिडून काही बोलली, की हातातला पाना खाली ठेवून गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "हे कोण बोलतंय म्हणायचं? तू, की तुझे साहेब?"

ती या कामात पडली ती काही शिकून सवरून नाही. डोंगराखालच्या तालुक्याच्या गावी इस्पितळात ती फरशा पुसायला होती. डोंगरातला रुग्ण आला की डॉक्टर हाक मारायचे, "अहो बाई, जरा विचारा याला कुठं दुखतंय." बादली ठेवून ती विचारायची. पुढे बादली सुटली आणि विचारणं राहिलं. पण त्याच इस्पितळात तिला एक गोष्ट कळली, आणि ती कळली नसती तर ती एक साधी, गोडबोली दुभाषी झाली असती, असं मला वाटतं.

ती लहान असताना तिची आई त्याच इस्पितळात वारली होती. मामानं आईला पाठीवर घेऊन डोंगर उतरून आणलं होतं. तपासून झाल्यावर डॉक्टर बराच वेळ बोलले, आणि वॉर्डातल्या मदतनीसानं, ज्याला डोंगराची भाषा थोडीफार येत होती, मामाला सांगितलं, "ताप आहे. बरी होईल. काळजी करू नका." मामा निर्धास्त झाला. वर शेळ्या एकट्या होत्या, म्हणून परत गेला. चार दिवसांनी आला तेव्हा खाट रिकामी होती आणि खाटेवर धुतलेली चादर होती. कैक वर्षांनी, ती फरशा पुसत असताना, तोच मदतनीस म्हातारपणी धाकटीशी बोलत बसला. तो म्हणाला, डॉक्टर तेव्हा सांगत होते की हातची गेलीय, जवळच्या माणसांनी हिच्यापाशीच बसावं. "पण तुझ्या मामाचं तोंड बघून मला सांगवेना गं. वाईट कशाला बोलायचं?"

माणूस वाईट नव्हता. दयाळूच होता. त्या दयेपायी एक बहीण भावाशिवाय गेली. धाकटीनं त्याला एका शब्दानं दुखावलं नाही, पण त्या दिवसापासून तिला गोड करून सांगितलेल्या बोलण्याचा मनापासून राग येऊ लागला. तिनं मोठ्या शहरात जाऊन दुभाषीपणाचं रीतसर शिक्षण घेतलं. घालायचं नाही, गाळायचं नाही, गोड करायचं नाही.

मामानं तिला लहानाचं मोठं केलं. खांद्यावर बसवून शाळेच्या फाटकापर्यंत सोडणारा, आणि शाळेत तिला कुणी हसलं तर दुसऱ्या दिवशी काठी घेऊन फाटकात उभा राहणारा मामा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते मामाच्या बाबतीतच झालं.

झालं असं, की डोंगराच्या घळीत धरण होणार होतं. पैसा एका बाहेरच्या बँकेचा. बँकेची अट अशी, की जगातल्या देशांनी मिळून मूळनिवासी लोकांच्या हक्कांचा जो जाहीरनामा केलाय, त्याबरहुकूम लोकांची संमती घ्या. संमती दबावाशिवाय हवी, काम सुरू होण्याआधी हवी आणि सगळी माहिती देऊन घेतलेली हवी. नाहीतर पैसा मिळणार नाही. वाचायला किती सोपं! चौकटीत घालून भिंतीवर लावावं असं. पण भिंतीवरचं खोलीत उतरवायचं म्हणजे कुणीतरी खुर्च्या मांडाव्या लागतात, कुणीतरी डोंगरातून पायी खाली यावं लागतं, आणि कुणाला तरी मधे बसून बोलावं लागतं.

खोली म्हणजे प्रकल्पाच्या कचेरीचा वरचा हॉल. एका टोकाला धरणाचं थर्माकोलचं मॉडेल, त्यातलं पाणी निळ्या रंगाचं आणि चकचकीत. दोन लांब टेबलं समोरासमोर, त्यांवर माईक. एका बाजूला प्रकल्पाचे साहेब आणि त्यांचा तरुण इंजिनियर. दुसऱ्या बाजूला डोंगरातली वीसेक माणसं, त्यांच्या पुढे मामा, आणि मामाशेजारी वरच्या वस्तीची आजी, जिच्याशिवाय डोंगरात पान हलत नसे. टेबलांच्या एका टोकाशी बँकेनं पाठवलेल्या निरीक्षकबाई आणि सगळं लिहून घेणारा टंकलेखक. दुसऱ्या टोकाशी, दोन्ही टेबलांच्या बरोबर मधोमध, धाकटीची खुर्ची. तिच्या डाव्या हाताला मामा, उजव्या हाताला साहेब, दोघंही हात लांबवला तर लागतील एवढ्यावर.

सुरुवातीलाच निरीक्षकबाईंनी नियम वाचले. या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं दोन्ही बाजूंना सांगितलं जाईल. दुभाषीबाईंचे मामा समोर बसलेत, त्यांचे यजमान प्रकल्पात कामाला आहेत, हे त्यांनी आधीच कळवलंय. कुणाची हरकत आहे का? कुणाची नव्हती. साहेबांनी तर हसून मान डोलावली. मामा छाती फुगवून आजीकडे बघत होता. भाची अशा खुर्चीत बसलीय याचा त्याला कोण अभिमान!

पहिला तासभर सुरळीत गेला. मग साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं.

"हे वरचं कुरण. इथे तुम्ही अजून गुरं नेता?"

धाकटीनं विचारलं. मामा ताठ बसून म्हणाला, "नेतो. दरवर्षी नेतो."

तिनं ते सांगितलं. साहेब लिहून घ्यायला खाली वाकले. तेवढ्यात मामा आजीच्या कानाशी झुकला आणि आपल्या भाषेत पुटपुटला, "पोरं खाली गेल्यापासून कोण चढलंय तिकडे? पण यांना कशाला कळायला हवं?" आणि दोघं हसले. डोंगरातली माणसं हळू बोलतात ते सुद्धा दरीपलीकडे ऐकू जावं असं. धाकटीला ते लख्ख ऐकू आलं.

 एक क्षण तिला वाटलं, गेलं वाऱ्यावर, जाऊ दे. पण साहेबांनी मान वर केली होती.

"काय म्हणाले ते? हसले कशाला?"

तिनं पुढ्यातला पेला जरा सरकवला.

"दुभाषीबाई, सकाळीच ठरलंय ना?" साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. "खोलीत बोललेलं सगळं. मोठ्यानं असो नाहीतर कुजबूज असो. काय हो बाई, हाच नियम ना?"

निरीक्षकबाई म्हणाल्या, "हो. हाच नियम."

धाकटीनं मामाकडे बघितलं. त्याला कचेरीची भाषा येत नव्हती, पण काय चाललंय ते त्याला पुरतं कळलं होतं. तो तिच्याकडे बघून हळूच मान हलवत होता. नको. पोरी, नको.

तिनं सांगितलं. मामाचा शब्द न् शब्द, मामाचाच सूर. "पोरं खाली गेल्यापासून कोण चढलंय तिकडे? पण यांना कशाला कळायला हवं?" टंकलेखकाच्या बोटांचा आवाज तेवढा खोलीत राहिला. साहेब मागे रेलून बसले. त्यांचा चेहरा असा काही खुलला, की त्यांना लपवतासुद्धा आलं नाही.

"नोंद घ्या. कुरण वापरात नाही. आणि यांच्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा, तेही आता सगळ्यांना दिसलं."

हेही तिलाच मामाला सांगावं लागलं. मामानं ते ऐकलं आणि मान खाली घातली. मागच्या रांगेतून कुणीतरी डोंगराच्या भाषेत म्हणालं, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी ही." धाकटीनं तेही साहेबांना सांगितलं. वाक्य पुरं केलं.

जेवणाच्या सुट्टीत माणसं खाली अंगणात झाडाच्या सावलीला बसली. एरवी मामा घरून तिच्यासाठी काहीतरी फडक्यात बांधून आणायचा. आजही आणलं असणार. ती पायऱ्या उतरून आली, तशी मामानं गाठोडं उचललं आणि झाडाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसला. तिच्याकडे पाठ करून.  शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. ती नळाशी गेली, तोंड धुतलं, आणि तोंड ओलंच ठेवून उभी राहिली, म्हणजे ओलं का आहे हे कुणी विचारू नये.

साहेब तिथे आले. हातात चहाचा पेला. बोलायला माणूस लाघवी होता, आणि असल्या माणसांची मला नेहमीच जास्त धास्ती वाटते.

"बाई, तुमचं कौतुक वाटलं. घरच्या माणसालाही तुम्ही सोडलं नाही."

"काम आहे साहेब माझं."

"तेच म्हणतो. काम पुढची दहा वर्षं चालेल. आम्हाला कायमची दुभाषी लागणार आहे. तुमच्याशिवाय दुसरं नाव माझ्या डोळ्यांपुढे नाही." चहाचा घोट घेऊन ते पुढे म्हणाले, "यजमान पंपावर आहेत ना आमच्याकडे? चांगलं काम आहे त्यांचं. माझं लक्ष असतं."

एवढंच. यात धमकी कुठे आहे असं कुणी विचारलं तर दाखवता येणार नाही. शिवाय हे अंगणातलं बोलणं. अंगण म्हणजे काही खोली नव्हे. धाकटीला मात्र काय म्हणायचंय ते कळलं. मामाच्या बाबतीत सकाळी केलं ते साहेबांना आवडलं, याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

दुपारी हॉलमध्ये उकाडा वाढला होता. साहेब आता उभे राहून बोलत होते. पाणी, वीज, नवीन घरं, दवाखाना. ती एकेक वाक्य डोंगराच्या भाषेत सांगत होती, आणि समोरून एकही प्रश्न येत नव्हता. सकाळी प्रश्न विचारणारी माणसं आता मिठाची गुळणी धरून बसली होती. खोटं पकडलं गेलेल्या माणसाला खरं विचारायचीही लाज वाटते. मामा आपल्या हातांकडे बघत होता.

"आणि एक गोष्ट मी शब्दावर सांगतो," साहेब म्हणाले. "काहीही सुरू झालेलं नाही. तुमच्या संमतीशिवाय तिथला एक दगडसुद्धा हलणार नाही."

तिनं ते सांगितलं. मागे थोडी हालचाल झाली. आजीनं मामाला कोपर मारलं. मामा थकल्या आवाजात म्हणाला, "विचारून घेतायत हेच पुष्कळ झालं. आता आपण काय तोंडानं नाही म्हणायचं? करा हात वर आणि चला घरी."

तिनं हेही साहेबांना सांगितलं, आणि सांगताना तिचा जीव तुटत होता. या माणसानं कधी कुणापुढे मान तुकवली नव्हती. सकाळच्या तिच्या दोन वाक्यांनी त्याच्यातलं बळच काढून घेतलं होतं. साहेब खाली बसले. निरीक्षकबाई पुढ्यातले कागद चाळत संमतीचा मजकूर शोधू लागल्या.

तेवढ्यात इंजिनियर साहेबांकडे झुकला. घाबरलेला दिसत होता. त्यानं माईकवर तळवा ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सर, निदान हे तरी बोलायला नको होतं. यंत्रं परवाच खिंडीत पोचलीत. खालच्या बाजूला खोदून पण झालंय."

"गप्प बैस," साहेब ओठ न हलवता म्हणाले. "हात वर होऊ देत आधी. हो म्हणोत, नाही म्हणोत, सोमवारी बोगद्याचं काम लागतंय."

त्यांनी माईक झाकला, पण मधे बसलेल्या बाईकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. सकाळपासून ती त्यांच्यासाठी बोलत होती ना, मग ती त्यांचीच. टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यापुढे माणूस जसा निर्धास्त बोलतो, तसे ते बोलले.

निरीक्षकबाईंना ऐकू गेलं नव्हतं. टंकलेखकालाही नाही. डोंगरातल्या माणसांच्या कानावर पडलं असेल, पण त्यांना ती भाषा येत नव्हती. म्हणजे ते वाक्य जगात फक्त तिच्यापाशी होतं. ती गिळून बसली तर ते नव्हतंच. सोमवारी बोगदा लागेल, मंगळवारी नवरा नेहमीसारखा पंपावर जाईल, महिन्याभरात तिला कायमची खुर्ची मिळेल, आणि कुणीही, अगदी कुणीही, तिला बोल लावणार नाही.

आणि उठून सांगितलं तर? पंपावरचं काम तर गेलंच समजायचं. वर हेही ऐकावं लागेल की सकाळी मामाला बुडवलं म्हणून आता भरपाई करतेय, खोटं रचतेय. पुरावा काही नाही.  खरं सांगायचं तर ती शूर बाई नव्हती. कचेरीतल्या शिपायानं आवाज चढवला तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं.

निरीक्षकबाईंना मजकूर सापडला. "दुभाषीबाई, विचारा त्यांना. ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत."

धाकटी उठली. तिनं प्रश्न विचारला नाही. तिनं माईक जवळ ओढला आणि डोंगराच्या भाषेत, आधी इंजिनियरच्या घाबऱ्या सुरात आणि मग साहेबांच्या ओठ न हलवणाऱ्या सुरात, सगळं सांगितलं. यंत्रं परवाच खिंडीत पोचलीत. खोदून पण झालंय. गप्प बैस. हात वर होऊ देत आधी. हो म्हणोत, नाही म्हणोत, सोमवारी बोगद्याचं काम लागतंय.

मागच्या रांगेत दोनतीन हात सवयीनं अर्धे वर आले होते. ते तसेच थांबले आणि खाली गेले. आजी उठून उभी राहिली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"तुमचं बोलणं, साहेब."

"कुठलं बोलणं?"

मग तिनं ते निरीक्षकबाईंकडे वळून कचेरीच्या भाषेत सांगितलं. सांगताना तिनं टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे खाजगी बोलणं होतं! आमचं आपापसातलं! याची नोंद होता कामा नये."

"सकाळची कुजबूजही आपापसातलीच होती," निरीक्षकबाई शांतपणे म्हणाल्या. "नोंदवायला तुम्हीच लावलीत." मग त्या इंजिनियरकडे वळल्या. "मला एकच सांगा. खिंडीत यंत्रं आहेत की नाहीत?"

तरुण पोरगा. त्यानं साहेबांकडे बघितलं, थर्माकोलच्या धरणाकडे बघितलं, आणि सरतेशेवटी स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "आहेत."

हॉलमध्ये एकच गलका झाला. धाकटीनं त्यातलं जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं, शिव्यांसकट. शिव्या सांगताना तिला थोडं बरंही वाटलं, हे कबूल करायला हवं.

पण साहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. घटकाभरात त्यांनी स्वतःला सावरलं. "ठीक आहे. माझी रीतसर हरकत लिहून घ्या. या बाई त्या लोकांच्या आहेत. त्यांचा मामा समोर बसलाय. अशा माणसावर कुठल्याही सभेनं विसंबू नये. मला दुसरा दुभाषी हवा, आणि तो येईपर्यंत आजचं सगळं रद्द." रद्द म्हणजे ते वाक्यही रद्द, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

निरीक्षकबाईंनी थोडा विचार केला. "हरकत घेतली. पण दुभाषी कोण असावा यात दोन्ही बाजूंचं म्हणणं मोजलं जातं. मधल्या माणसावर ज्यांची जमीन जाणार त्यांचा विश्वास हवा, हे त्या जाहीरनाम्याला धरूनच आहे. तुमचं ऐकलं. आता त्यांना विचारू. त्यांनाही नको असतील, तर या बाई आत्ता उठतील."

धाकटीनं हे स्वतःबद्दलचं बोलणं मामाला सांगितलं. 'या बाई' म्हणजे मी, असं म्हणायची सोय नव्हती. तिनं 'या बाई' असंच सांगितलं.

माणसं उठली आणि जिना उतरून अंगणात गेली. जाता जाता आजी म्हणाली, "खोलीत बोलायला नको. ही सगळं सांगते." तिनं ते सांगितलं, आणि टंकलेखकाला खुदकन हसू आलं. नंतर मात्र कुणीच हसलं नाही. खिडकीतून झाडाखालची डोकी दिसत होती. हातवारे चालले होते. मागच्या रांगेतला तो माणूस तावातावानं बोलत होता. मामा मधे उभा होता, एकटा, कुणाशी न बोलता. धाकटी खुर्चीत बसून होती. आपल्याच माणसांनी आपल्याला नको म्हटलं तर ते आपल्यालाच कचेरीच्या भाषेत सांगावं लागेल, हा विचार तिच्या मनातून जात नव्हता. नवऱ्याचा विचार येत होता. संध्याकाळी तो विचारेल, कोण बोलत होतं, तू की साहेब. 

माणसं वर आली. सगळे आपापल्या जागी बसले. मामा उभा राहिला. सकाळपासून प्रथमच त्यानं तिच्या डोळ्यांना डोळा दिला. तो बोलू लागला, आणि ती प्रत्येक वाक्यामागून त्याचं 'मी' तोंडात घेऊन सांगू लागली.

"सकाळी मी खोटं बोललो. कुरणावर आता आम्ही जात नाही. आमची पोरं खाली आली, म्हणून जात नाही. पण कुरण आमचंच आहे."

साहेबांनी काही म्हणायला तोंड उघडलं. निरीक्षकबाईंनी हात वर केला.

"आज आम्ही हात वर करणार नाही. यंत्रं आधी खाली आणा. पाणी कुठवर चढणार ते आम्हाला जागेवर नेऊन दाखवा, थर्माकोलवर नको. मग आम्ही आमच्यात बसू, आणि मग तुमच्याशी बसू. तेव्हा हो म्हणू की नाही म्हणू, ते आज मलाही माहीत नाही."

टंकलेखकाची बोटं भराभर चालली होती. मामा थांबला. त्यानं घसा साफ केला.

"दुभाषी म्हणून या खुर्चीत हीच हवी. दुसरं कुणी आलं तर आमच्यातला एकही जण तोंडातून ब्र काढणार नाही. आमच्या तोंडावर आमचं खोटं सांगणारी बाई तुमचंही सांगेल, हे आज बघितलं."

धाकटीनं ते सांगितलं.  तिला वाटलं, संपलं. पण मामा बसला नव्हता. तो आता फक्त तिच्याकडे बघत होता.

"हिला मी खांद्यावर वाढवली," तो म्हणाला. "चारचौघांत माझं तोंड काळं करायला मला परकं कुणी मिळालं नाही. हीच मिळाली. हिनं केलं ते बरोबर केलं, पण माझ्याच्यानं ते गिळवत नाही. हिच्या दारात मी पाय ठेवणार नाही. आणि माझ्या दारात हिनं येऊ नये."

कुणीतरी मागून "अहो, असं काय..." म्हणालं. आजीनं त्याला हातानं गप्प केलं. धाकटीनं माईक जवळ ओढला आणि तसाच धरून ठेवला. साहेब, इंजिनियर, निरीक्षकबाई, सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. काहीतरी घडलंय हे त्यांना दिसत होतं, काय ते कळत नव्हतं. मामालाच मग राहवलं नाही. तो जरा वाकला आणि अगदी हळू, घरी बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "हे घरचं आहे, पोरी. हे नाही सांगितलंस तरी चालेल."

तिनं सांगितलं. हिला मी खांद्यावर वाढवली. हिच्या दारात मी पाय ठेवणार नाही आणि माझ्या दारात हिनं येऊ नये. गाळलं काही नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही, कारण पुसायला थांबलं असतं तर वाक्य तुटलं असतं. मग तिनं श्वास घेतला, निरीक्षकबाईंकडे तोंड केलं, आणि शेवटचं वाक्यही त्यांच्या भाषेत, मामाच्या त्याच हळू आवाजात, पुरं सांगितलं:

"हे घरचं आहे, पोरी. हे नाही सांगितलंस तरी चालेल."